खारपाणपट्ट्याची पाणीवही

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडीची धामधूम असते. शहरातली मंडळं आदल्या दिवशी गांधीग्रामला जातात, पूर्णा नदीचं पाणी भरण्यांमध्ये घेतात आणि रात्रभर चालून राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. पावसाळ्यातलं पूर्णेचं पाणी गढूळ असलं तरी गोड असतं. याच नदीच्या दोन्ही काठांना मात्र शेकडो गावं अशी आहेत, की तिथल्या विहिरीचं पाणी घोटभर घेतलं तरी जीभ सांगते, हे आपलं नव्हे.

हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही त्यातली ओळखीची नावं. बऱ्याच अहवालांत गावांचा आकडा ८९४ येतो, तर जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे ‘पोकरा’ने, या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली. आकडा कोणताही धरा, एवढ्या मोठ्या मुलखाचं दुखणं सारखंच आहे. पाऊस अगदीच कमी म्हणावा असा नाही, सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. जमीन काळी आणि खोल. विहीर खणली तर पाणीही लागतं. ते पिण्याजोगं नसतं आणि पिकालाही मानवत नाही.

गेली कित्येक दशकं इथला पाणीप्रश्न एकाच वाक्यात मांडला गेला : गोड पाणी कुठून आणायचं? त्या प्रश्नावर धरणं झाली, योजना झाल्या, मोर्चेही निघाले. पायाखालचं खारं पाणी नेमकं कसं आहे, किती आहे आणि कशाकशाला चालेल, हा दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अपुरं राहण्याचं एक मोठं कारण या दुसऱ्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

मिठाच्या विहिरी

एकेकाळी याच खारेपणावर लोकांची पोटं भरत होती. इंग्रजी अंमलातल्या भूवैज्ञानिक नोंदींत पूर्णा खोऱ्यातल्या मिठाच्या विहिरींचं वर्णन सापडतं. अकोल्याच्या उत्तरेला दहिहंडा परिसरात खोल विहिरी खणून खालच्या वाळू-गोट्यांच्या थरातलं खारवणी वर काढायचं आणि उन्हात आटवून मीठ करायचं, असा हा धंदा होता. मिठावर सरकारी मक्तेदारी आली आणि तो बसला. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा विदर्भाला समुद्र नव्हता, पण दहिहंड्याच्या विहिरी होत्या. वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी त्याच पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला.

गोड पाण्याची ओढ इथल्या श्रद्धेतही मुरलेली आहे. अकोली गावात भास्कर पाटलांच्या कोरड्या विहिरीला शेगावच्या गजानन महाराजांनी पाणी आणलं, ही कथा या भागात घरोघरी ठाऊक असते. ज्या मुलखात पाण्याचा हंडा दुरून आणावा लागतो, तिथे संताच्या चमत्काराने विहिरीचं रूप घ्यावं यात नवल नाही.

खारेपणाचं मूळ जमिनीच्या घडणीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे चढत जाणारा बेसॉल्टचा प्रदेश, आणि मधे खचलेल्या खोलगट भागात नद्यांनी आणून भरलेला गाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेला गाळाची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरच्या पुढे जाते. या गाळात चिकणमातीचे जाड थर आणि त्यांत अडकलेले वाळूचे पट्टे आहेत. उतार नगण्य, निचरा मंद, हवा कोरडी आणि बाष्पीभवन पावसाहून कितीतरी जास्त. खडक झिजून सुटलेले क्षार वाहून जायला वाव नसला की ते तिथेच साठत राहतात. हे क्षार प्राचीन बंदिस्त सरोवराचे की आणखी कशाचे, यावर अभ्यासकांनी वेगवेगळी मतं मांडली आहेत; मंद निचरा आणि बाष्पीभवन यांचा वाटा मात्र सहज पटण्यासारखा आहे.

पायथ्याशी चित्र निराळं. तिथे डोंगरातून आलेल्या नद्यांनी गोटे, रेती, भरड गाळ टाकला आहे. पाणी झपाट्याने मुरतं आणि गोड राहतं. अकोट-अंजनगावकडची केळी, संत्री आणि पानमळे याच पाण्यावर वाढले. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे निघालं की काही कोसांत माती चिकट होते, मळे संपतात आणि नजर जाईल तिथवर कापूस-तुरीचा कोरडवाहू पट्टा लागतो. हा बदल एका रेषेवर होत नाही. एकाच गावात नाल्याकाठची विहीर पिण्याजोगी आणि गावठाणातली बोअर तोंडात धरवत नाही, असं आढळतं. नियोजन करणाऱ्याने आधी हे समजून घ्यायला हवं : खारपाणपट्टा नकाशावर एका रंगात रंगवता येतो, पण जमिनीखाली तो विहिरीगणिक आणि फुटागणिक बदलतो.

जिभेच्या पुढचं मोजमाप

एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार १,००० मिलिग्रॅमच्या आत असले तर पाणी गोडं. १,००० ते १०,००० पर्यंत मचूळ. त्यापुढे खारट, आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सवलत. म्हणजे १,९०० मिलिग्रॅमचं पाणी नाइलाज म्हणून चालतं, २,३०० चं चालत नाही, आणि ६,००० च्या पाण्याची गोष्टच वेगळी. गावाच्या बोलण्यात तिन्ही ‘खारं’च असतात. जीभ हा फरक मोजू शकत नाही.

हल्ली खिशात मावणारं टीडीएस मीटर सर्रास दिसतं. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. पहिली चाळणी म्हणून ते उत्तम आहे. पण त्या आकड्यात फ्लोराइड किती, नायट्रेट किती, सोडियम किती हे दिसत नाही. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आणि फ्लोराइड दीडच्या वर गेलं तर पाणी चवीला बरं लागूनही घातक असतं. म्हणून दुसरी पायरी प्रयोगशाळेची : कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट, फ्लोराइड.

तिसरी पायरी खोलीची, आणि इथेच बहुतेक चुका होतात. गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर दुधावरच्या सायीसारखं पातळ थरात राहतं. पावसाळ्यात हा थर वाढतो, उन्हाळ्यात झिजतो. मोठा पंप बसवून जोरात उपसा केला की वरचं गोडं पाणी ओढलं जातं आणि खालचं खारं पाणी त्या जागी वर चढतं. एकदा चढलेलं खारं पाणी लवकर खाली बसत नाही. तेव्हा पंप सुरू केल्यावर पहिल्या तासाला क्षार किती आणि बाराव्या तासाला किती, हे पाहिल्याशिवाय विहिरीचा निकाल लावू नये. उथळ विहीर, लहान पंप आणि रोज थोडा थोडा, बराच वेळ उपसा ही इथली योग्य रीत आहे. ‘पाणी लागेना, आणखी खोल जा’ हा बेसॉल्टातला सल्ला गाळाच्या या पट्ट्यात उलटा पडतो. खोल गेलेली बोअर अनेकदा आणखी खारं पाणी घेऊन येते. त्यातून छिद्रांचा पाइप वरपासून खालपर्यंत बसवला असेल तर खालचा खारा थर वरच्या गोड्या थराशी कायमचा जोडला जातो. खारा थर सिमेंटने बंद करणं हे बोअरच्या खर्चातलं छोटं कलम असतं आणि घासाघीस करताना तेच आधी वगळलं जातं.

जमिनीत वीज सोडून थरांचा रोध मोजण्याची पद्धत भूजलशोधात रुळलेली आहे. इथे ती एकटी फसवते, कारण चिकणमातीचा थर आणि खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू हे दोन्ही जवळजवळ सारखाच कमी रोध दाखवतात. बोअर घेताना निघालेल्या मातीची नोंद, पाण्याची तपासणी आणि रोधाचं वाचन ही तिन्ही शेजारी ठेवली तरच उलगडा होतो.

महाराष्ट्रात हे काम करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. देशपातळीवरच्या भूजल मूल्यांकनात एखादा विभाग सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित किंवा अतिशोषित ठरतो. ज्याचं पाणी खारं, त्याला ‘क्षारयुक्त’ असा वेगळा वर्ग आहे. या वर्गवारीत तांत्रिक चूक नाही. पण तिचा व्यवहारातला परिणाम असा, की ज्या पाण्याला खारं म्हटलं त्याचा उपसा, साठा आणि उपयोग यांचा जमाखर्च पुढे फारसा कोणी मागत नाही.

कापूस सोसतो, जमीन सोसत नाही

शेतीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. पुस्तकी तक्त्यांत कापूस हे क्षार सोसणाऱ्या पिकांत वरच्या जागेवर आहे. मग मचूळ पाण्यावर कापूस का घेऊ नये? कारण इथे पिकाआधी जमीन हार मानते. या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेटचं प्रमाण जास्त असतं. असं पाणी जमिनीत गेलं की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतं, मातीच्या कणांवरची त्याची जागा सोडियम घेतो, आणि चिकणमाती विस्कटून तिची छिद्रं बुजतात. मग पाणी मुरत नाही, पृष्ठभाग दगडासारखा होतो, पावसात चिखल आणि उन्हात भेगा.

मातीत विनिमयक्षम, म्हणजे कणांवर जाऊन बसलेला, सोडियम १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, असा जगभरचा ठोकताळा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी अभ्यासून दाखवलं, की या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीचा निचरा ५ टक्क्यांच्या आसपासच बिघडू लागतो. बाहेरचं मोजमाप लावलं असतं तर बिघडलेली जमीन कागदावर निरोगी ठरली असती.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ याच पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहे. जिप्सम टाकून कॅल्शियम भरून काढणं, धैंचा किंवा बोरूसारखं हिरवळीचं पीक गाडणं, उतारानुसार सरी-वरंबे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेततळं, हे उपाय इथे रुजत गेले. कोकणात वा बेसॉल्टच्या माळावर शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं. इथली चिकट माती पाणी धरून ठेवते, हा तिच्या वाईट निचऱ्याचा एक फायदा. पावसाचं गोड पाणी साठवून हरभऱ्याला तुषार सिंचनाने एक-दोन संरक्षित पाळ्या दिल्या की केवळ ओलीवर येणाऱ्या पिकाला मोठा आधार मिळतो.

वान धरणाचं पाणी कोणाचं?

पिण्याच्या पाण्याचं उत्तर शोधलं गेलं ते धरणांत. सातपुड्यातल्या वान नदीवरचं हनुमान सागर धरण हा या पट्ट्याचा मोठा आधार. अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना त्यावर आहे, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडची १४० गावांची योजनाही त्यावरच. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणातून पाणी जातं. या योजनांनी बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरवले हे खरं. पण लांबलचक नळजाळ्यांत गळती, थकलेली वीजबिलं आणि टोकाच्या गावांना कित्येक दिवसांच्या अंतराने येणारं पाणी हेही खरं. नळ कोरडा असला की माणसं पुन्हा हापशीकडे वळतात.

धरण वाढत नाही, मागणी वाढते. २०२३ मध्ये हा पेच उघड्यावर आला. बाळापूर मतदारसंघातल्या ६९ गावांच्या योजनेला वानचं पाणी देण्यावर स्थगिती आली. धरण सिंचनासाठी बांधलं, आमचं पाणी कमी होईल, असं तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांचं म्हणणं. त्या स्थगितीविरोधात बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. एका बाजूला तहान, दुसऱ्या बाजूला शेती. दोन्ही मागण्या रास्त होत्या, आणि म्हणूनच किती पाणी गोडच हवं हा हिशेब टेबलावर असायला हवा होता.

तो हिशेब अवघड नाही. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. त्यातलं पिण्याला आणि स्वयंपाकाला लागतं आठ ते दहा लिटर. फ्लोराइड आणि आर्सेनिकग्रस्त वस्त्यांसाठी तात्पुरती सोय म्हणून सरकारनेही हाच आकडा धरला होता. उरलेलं पाणी शौचालय, सारवण, भांडी-कपडे यांना जातं. त्यातल्या काही कामांना मचूळ पाणी सहज चालतं, काहींना कुरकुरत चालतं. मिश्रणही करता येतं. ३,००० मिलिग्रॅमच्या विहिरीचं एक माप पाणी ३०० मिलिग्रॅमच्या धरणाच्या तीन मापांत मिसळलं तर क्षार ९७५ वर येतात. अर्थात नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत असतील तरच. तसं असेल तर धरणावरचा चौथा हिस्सा भार कमी होतो.

छपराचाही हिशेब मांडू. ५० चौरस मीटरचं छत आणि ७५० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी ३०,००० लिटर पाणी जमतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी रोज ५० लिटर, म्हणजे वर्षाला १८,००० लिटरच्या आसपास. पाऊस पुरून उरतो. अडचण टाकीची, कारण कोरड्या आठ महिन्यांसाठी १२,००० लिटरची स्वच्छ, झाकलेली टाकी लागते आणि तेवढा खर्च गरीब घराला एकट्याने पेलवत नाही.

आरओच्या मागच्या दाराने

गावागावांत आता नाणं टाकून पाणी देणारी आरओ यंत्रं आली आहेत. ती दाब देऊन पाणी पडद्यापलीकडे ढकलतात आणि क्षार मागे ठेवतात. मचूळ पाण्यासाठी हे तंत्रज्ञान योग्य आहे. क्षार कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून वीज कमी. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत खर्च बराच खाली येतो. विजेच्या साहाय्याने पडद्यांतून क्षारच बाजूला काढण्याची इलेक्ट्रोडायलिसिस पद्धतही अशा पाण्याला शोभते. १९५४ मध्ये भावनगरला सुरू झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या दोन्ही तंत्रांवर देशात पायाभूत काम केलं.

प्रश्न मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आहे. उदाहरणादाखल २,००० वस्तीचं गाव घेऊ. माणशी दहा लिटरप्रमाणे रोज २०,००० लिटर शुद्ध पाणी हवं. यंत्र निम्मं पाणी शुद्ध करत असेल तर विहिरीतून ४०,००० लिटर उपसावे लागतात आणि २०,००० लिटर टाकाऊ निघतं. विहिरीत लिटरला ३ ग्रॅम क्षार असतील तर रोज १२० किलो क्षार वर येतात. त्यातले चारेक किलो शुद्ध पाण्यात राहतात, बाकीचे ११६ किलो टाकाऊ पाण्यात. वर्षाला ४२ टन. हे पाणी नाल्यात सोडलं तर खालच्या थरातले क्षार आपण वरच्या थरात, आणि बहुधा शेजारच्याच उथळ विहिरीत, नेऊन टाकतो.

आटवायचं म्हटलं तर त्यालाही जागा लागते. निव्वळ बाष्पीभवन वर्षाला एक मीटर धरलं तर या एका गावाच्या टाकाऊ पाण्याला पावणेदोन एकरांचं, तळ पक्का केलेलं डबकं हवं. अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहराने २००७ मध्ये मचूळ भूजलावर चालणारा प्रकल्प उभारला. तेव्हा त्याची क्षमता रोज साडेदहा कोटी लिटरच्या घरात होती. तिथे उरलेलं खारवणी ३५ किलोमीटर लांब नेऊन खोल खडकात सोडलं जातं. गोड पाणी कुठून कुठवर आणि खारं कुठून सुरू होतं याचा चाचणी-विहिरी घेऊन अभ्यास आधी झाला, यंत्रं मागाहून आली. आपल्याकडे यंत्र आधी येतं, उद्घाटन होतं, आणि टाकाऊ पाण्याची नळी जिथे मोकळी जागा दिसेल तिकडे वळते.

आरोग्याच्या बाबतीतही नोंदीचा अभाव नडतो. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी अनेक वर्षं ऐकू येतात. खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवणं साहजिक आहे. पण या आजाराला मधुमेह, रक्तदाब, उन्हात कमी पाणी पिऊन केलेली मेहनत, वेदनाशामक गोळ्या अशी इतर कारणंही असतात. रुग्णांची नोंद आणि त्यांच्या विहिरींची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय दोष किती पाण्याचा, हे ठरणार नाही. तोवर सुरक्षित पाणी देण्याची घाई करायला कोणाची हरकत नसावी.

वही कोणी लिहायची?

महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून बंधनं आहेत. बेसॉल्टच्या मुलखात हा आकडा समजण्यासारखा आहे. पूर्णेच्या गाळात खोलीची मर्यादा त्या त्या गावातला खारा थर कुठे सुरू होतो त्यावरून ठरायला हवी. कुठे ती वीस मीटर असेल, कुठे त्याहून कमी.

त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहायला नको. जलजीवन मिशनने गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची सोय केली आहे. ग्रामपंचायतीने प्रत्येक सार्वजनिक विहिरीची आणि बोअरची एक पाणीवही ठेवावी. खोली किती, छिद्रांचा पाइप कुठून कुठवर, मे आणि ऑक्टोबरमधले क्षार किती, बारा तास उपशानंतर किती, प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो, आणि त्यावरून हे पाणी पिण्याचं, मिसळण्याचं, वापराचं की जनावरांचं. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींना अशा हजारो नोंदींची जोड मिळाली तर खारपाणपट्ट्याचा खरा नकाशा गावातूनच तयार होईल. आरओ यंत्राला परवानगी देताना टाकाऊ पाणी कुठे जाणार हे करारात लिहून घ्यावं. पायथ्याच्या गोड पट्ट्यात पुनर्भरण करताना खालच्या गावांचाही त्यात वाटा आहे हे धरावं, कारण तिथे बेसुमार उपसा झाला तर दक्षिणेकडे सरकणारं गोड पाणी आणखी आटतं.

वान, शहानूर आणि पूर्णेवर होऊ घातलेले बंधारे यांची गरज यामुळे संपणार नाही. पिण्याचं पाणी बाहेरून आणावंच लागेल आणि त्यासाठी भांडावंही लागेल. पण आज ‘आम्हाला पाणी द्या’ म्हणणारं गाव उद्या ‘आमच्या ५५ लिटरपैकी एवढे लिटर गोडच हवेत, उरलेले आमच्या विहिरीतून आम्ही भागवतो, आणि ही त्याची वही’ असं म्हणू शकलं, तर बाळापूरची तहान आणि तेल्हाऱ्याचं सिंचन यांच्यातल्या वादाला तोडगा काढण्याजोगे आकडे मिळतील. आज त्या वादात दोन्ही बाजूंकडे गाऱ्हाणी आहेत, मोजमाप कोणाकडेच नाही.